खजुराच्या झावळीवरचे काळे ठिपके

दमट हवेत खजूर लावणार असाल, तर आसपासच्या खजुराच्या जुन्या झावळीवरून बोट फिरवून बघा. मोहरीहून लहान, काळे, टणक फोड हाताला लागतात. त्यांतून पिवळे तंतू आणि पिवळी भुकटी बाहेर पडते. ही ग्राफिओला नावाची बुरशी. रानातल्या शिंदीवरही ती येते. लागण जोराची असेल, तर सहा-आठ वर्षं टिकणारी झावळी तीनेक वर्षांतच वाळते.

सगळी वाणं मात्र सारखी बळी पडत नाहीत. वाणांच्या चाचणीत एकाच वयाच्या झावळ्यांच्या पात्यांवरचे ठिपके मोजतात. कोवळी झावळी तपासून उपयोग नाही. कारण रोगाची लागण झाल्यावर फोड दिसायला दहा-अकरा महिने लागतात. बारही, खस्तावी ही वाणं सहनशील ठरली आहेत. रोपं घेताना वाण आवर्जून विचारा.