क्षणाचे तुकडे

माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. गणिताशी संबंध आला तो वृत्तातल्या मात्रा मोजण्यापुरता. तरी आज गणितावर बोलणार आहे, ते मुलीमुळे. ती स्थापत्य अभियंता. गेल्या वर्षी पाच दिवसांच्या एका प्रगत प्रशिक्षणाला जाऊन आली. विषय : हादरे बसले की इमारती, पूल, धरणं कशी डोलतात, त्याचं संगणकावरचं गणित. मी म्हटलं, ‘‘नोकरीला दहा वर्षं झाली, आता पुन्हा शाळा कशाला गं?’’ ती म्हणाली, ‘‘अब्बा, कोयना आठवा.’’

११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट मला अम्मीच्या तोंडून माहीत. फळीवरची भांडी आधी वाजली, माणसं मागाहून जागी झाली, असं ती सांगायची. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. पण वरच्या भागात, जिथं भिंतीचा उतार बदलतो, तिथं आडव्या भेगा पडल्या. बांधताना भूकंप धरलाच नव्हता, असं नाही. वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढा जोर आडवा ढकलतो आहे, असं मानलं होतं. पण भूकंप ढकलून थांबत नाही, तो हलवतो. आणि पायापेक्षा माथा फार मोठे झोके घेतो. धरणातल्याच यंत्रानं टिपलेली कंपनं घेऊन चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ साली हिशेब मांडला, तेव्हा काँक्रीटला न पेलणारा ताण त्या उतार बदलण्याच्या जागेपाशीच निघाला.

हे गणित एका दमात सुटत नाही. काळाचे बारीक तुकडे करायचे. या तुकड्यातल्या जागेवरून आणि वेगावरून पुढच्या तुकड्यातली जागा काढायची. न्यूमार्क या अमेरिकन अभियंत्यानं १९५९ मध्ये दिलेली रीत आजही वापरतात. (गझलेचा शेरही एका दमात येत नाही, पण ते असो.)

खरी मेख तुकड्याच्या मापात आहे. काही रीतींत तुकडा मोठा घेतला की आकडे भडकतात, वेडेवाकडे होतात. ते बरं, चूक दिसते तरी. न्यूमार्कच्या रीतीचा एक प्रकार मात्र कधीच भडकत नाही. तुकडा मोठा असला तरी आलेख गुळगुळीत, देखणा येतो; फक्त भूकंपाचे टोकदार झटके त्यातून निसटून गेलेले असतात. प्रशिक्षणात असा एक आलेख पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, मुलगीसुद्धा त्यात होती.

परत आल्यावर तिनं एका पाण्याच्या टाकीचा तयार अहवाल पुन्हा काढला. तुकडा निम्मा केला, आकडा वाढला. आणखी निम्मा केला, तेव्हा कुठं तो थांबला. काम दोन आठवडे लांबलं, साहेब रागावले. खांबांतल्या सळया वाढवल्या.