कृपादानांची ओळख आणि मंडळीची सेवा

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवून एकत्र उपासना करणाऱ्या समुदायाच्या सेवेसाठी पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला जे सामर्थ्य देतो, त्याला मराठी पवित्र शास्त्रात कृपादान म्हटले आहे. हे दान कमावलेले नसते आणि ज्याला ते मिळाले त्याच्या मालकीचेही नसते. मग आपल्याला कोणते दान लाभले आहे हे ओळखावे कसे, असा प्रश्न उभा राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मंडळ्यांतून पसरलेल्या एका पद्धतीने त्याचे उत्तर प्रश्नावलीत शोधले. या पद्धतीत माणूस आपल्या आवडीनिवडींना व अनुभवांना गुण देतो, त्यांची बेरीज करतो आणि सर्वाधिक गुणांचे दान आपले समजतो. भिडस्त माणसाला स्वतःकडे पाहण्याचे निमित्त त्यातून मिळते, एवढे श्रेय या पद्धतीला द्यावेच लागेल. परंतु नव्या करारात हा शोध मंडळीच्या गरजेपासून सुरू होतो आणि त्याचा निर्णय एकट्या माणसावर सोपवलेला नसतो.

करिंथ येथील मंडळीच्या वादात ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे दिसते. ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये पुन्हा वसवलेल्या या व्यापारी नगरात प्रेषित पौलाने इ. स. ५० च्या सुमारास मंडळी स्थापली आणि काही वर्षांतच तेथील मतभेदांची वार्ता त्याला इफिस येथे कळली. अन्य भाषांत, म्हणजे बोलणाऱ्यालाही बुद्धीने न उमगणाऱ्या वाणीत, प्रार्थना करणारे काही जण स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजत असावेत, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील युक्तिवादावरून दिसते. पौल या दानाला खोटे ठरवत नाही, उलट ते आपल्यालाही लाभले असल्याचे सांगतो. मात्र त्या दानाने मंडळीची उन्नती होते का, म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास दृढ होतो का, ही कसोटी तो लावतो. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अशा वक्त्याने सभेत गप्प राहावे आणि संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्याने, बोललेले इतरांनी पारखून घ्यावे, अशी व्यवस्था तो घालून देतो. विवाहप्रसंगी आवर्जून वाचला जाणारा प्रीतीविषयीचा तेरावा अध्यायही मुळात याच वादाच्या मधोमध येतो, आणि तो बाजूला काढून वाचला तर कृपादानांच्या चर्चेचा कणाच हरवतो.

पौलाने दिलेल्या याद्याही लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सात दाने येतात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आधी नऊ दानांची आणि मग आठ सेवांची नोंद होते, तर इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक यांचा उल्लेख आहे. यांतील कोणतीही यादी दुसरीशी पूर्णपणे जुळत नाही. यावरून ही नावे त्या त्या मंडळीच्या प्रसंगानुसार लिहिली गेली असावीत आणि त्यांवरून दानांचे बंदिस्त कोष्टक तयार करणे योग्य नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. चमत्कारांच्या बरोबरीने साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे यांनाही या याद्यांत स्थान आहे, ही बाब हिशेब ठेवणाऱ्या किंवा आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या सेवकांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

अशा साध्या सेवेसाठी माणसे कशी निवडली गेली, हे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिसते. त्याच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपात उपेक्षा होते, अशी तक्रार येते. प्रेषित सर्व शिष्यांना बोलावून प्रतिष्ठित, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडायला सांगतात. समुदाय निवड करतो आणि प्रेषित त्यांच्यावर हात ठेवून त्यांना सेवेस नेमतात. सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्या गटावर अन्याय होत होता त्या गटाच्या माणसांवरच बहुधा हे काम सोपवले गेले. पुढे याच सातांपैकी स्तेफन निर्भीड वक्ता म्हणून आणि फिलिप्प सुवार्तिक म्हणून पुढे आला. म्हणजे हाती घेतलेल्या साध्या कामातून त्यांची आणखी दाने मंडळीला दिसली.

आधी मंडळीची गरज आणि मग दानाची ओळख, हा क्रम महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातही आढळतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वीही कवी होते, त्यामुळे नैसर्गिक गुण आणि कृपादान यांत काटेकोर रेषा ओढणाऱ्यांना त्यांचे उदाहरण अडचणीचे वाटेल. परंतु मराठी मंडळीला आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत गाता यावे या गरजेसाठी अभंग आणि कीर्तन त्यांनी वाहिले, तेव्हा तोच गुण सेवा झाला. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. औपचारिक शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या या स्त्रीचे सामर्थ्य कोणत्याही पूर्वचाचणीत उमटले असते, असे वाटत नाही.

पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी केडगाव येथे चालवलेल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची मोठी जागृती झाली आणि स्त्रिया गटागटाने आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. या जागृतीचा उल्लेख पेंटेकॉस्टल चळवळीच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष दानांवर भर देणाऱ्या चळवळीच्या, इतिहासात होतो. पण त्याच आवारातील छापखान्यात बायकांनी केलेल्या कामाकडे तेवढे लक्ष जात नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र भाषांतरित केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांच्या हातांना पौलाच्या शब्दांत साहाय्याचे दान लाभले होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

म्हणून आजच्या पाळकांनी आणि वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या निवडलेल्या ज्येष्ठांनी, नव्या विश्वासणाऱ्याला प्रथम एखादे खरे काम ठरावीक मुदतीसाठी द्यावे, ज्यांची सेवा झाली त्यांना काय लाभले ते विचारावे, आणि काम न जुळल्यास दोष न देता त्याला त्यातून मोकळे करून दुसरे काम द्यावे. या पारखीत स्त्रिया, तरुण आणि मंडळीत बोलायला संकोचणारी माणसे यांच्याकडे वडीलमंडळाने आपणहून जायला हवे, कारण पुढे बसणाऱ्यांची दाने कोणी न शोधताही दिसतात.