अलंकार : तोळ्यापलीकडचे मोल

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या महिला संमेलनातील भाषण)



ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव आहे, तेव्हा महिला संमेलनात सुवर्णाविषयीच काही बोलावे, अशी सूचना संयोजक भगिनींनी केली. ती बहुधा विनोदाने केली असावी. मी मात्र मनावर घेतली. सोन्याच्या भावाविषयी मी बोलणार नाही. २०२५ साली दहा ग्रॅमच्या भावाने लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हापासून त्या विषयाची चर्चा घरोघरी पुरेशी झाली आहे. मला सांगायची आहे ती दोन दागिन्यांची हकीगत. त्यांपैकी एक माझ्या हातून मोडला गेला, दुसरा टिकला.

माझ्या आईचे लग्न १९६३ सालचे. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. १४ कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम ५८ भाग सोने. कित्येक सुवर्णकार कुटुंबांवर त्या काळात उपासमारीची वेळ आली, हे येथील ज्येष्ठांना स्मरत असेल. आईसाठी जे काही नवे घडविले, ते या नियमात बसणारे. आजीला ते रुचले नाही. लेकीच्या अंगावर निदान एक तरी जिन्नस शंभर नंबरी सोन्याचा असावा, म्हणून तिने स्वतःच्या गळ्यातील बोरमाळ काढून भर मांडवात आईच्या गळ्यात घातली. त्यानंतर आजीच्या गळ्यात केवळ काळी पोत राहिली. मी तिला तशीच पाहिली आहे.

बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते, हे आपणांस ठाऊक आहेच. सोन्याचा पत्रा पातळ आणि मऊ. मला दात येत होते तेव्हा आईच्या कडेवर बसून मी ते मणी चावीत असे. दोन मण्यांवर त्या दातांच्या खुणा कायमच्या उमटल्या. आई आल्यागेल्याला त्या कौतुकाने दाखवी. लग्न होऊन मी सासरी निघाले तेव्हा ती माळ माझ्याकडे आली.

२०१४ साली माझ्या मुलीचे लग्न ठरले. तिला आधुनिक घडणीचा हार हवा होता, आणि बोरमाळ तर पेटीत पडून होती. मी ती मोडावयास नेली. आमचे सोनारकाका जुन्या वळणाचे. मुशीत घालण्यापूर्वी ते म्हणाले, "वहिनी, एखादा मणी काढून ठेवू का?" मी म्हणाले, "एक मणी ठेवून काय करू? वजनात तेवढीच घट." लाख जळाल्याचा वास दुकानभर पसरला. घरात जिला सदैव तीन तोळ्यांची म्हणत, तिचे सोने दोन तोळ्यांच्या आतच भरले. मी हिशेब पाहिला, सही केली आणि घरी आले.

आचार्य समन्तभद्रांच्या आप्तमीमांसेत एक दृष्टान्त आहे. सुवर्णाचा घट मोडून मुकुट घडविला जातो. ज्याला घट हवा होता, त्याला शोक होतो. ज्याला मुकुट हवा होता, त्याला हर्ष होतो. आणि ज्याला केवळ सुवर्ण हवे होते, तो मध्यस्थ राहतो. आचार्यांनी हा दृष्टान्त वस्तूचे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य समजावून देण्यासाठी योजिला आहे, माझ्यासारखीच्या दागदागिन्यांसाठी नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु त्या दुकानात मी स्वतःला तिसऱ्या प्रकारात धरून चालले होते. सोने आहे तेवढेच आहे, मग हळहळ कशाची? रात्री पेटी आवरताना बोरमाळेची रिकामी डबी हाती आली आणि मी पहिल्या प्रकारातील आहे, हे कळून चुकले.

यावर कोणी म्हणेल, ही तर आसक्ती झाली. होय, झाली. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून नव्हे, तर मनातील ममत्वावरून करून दिली आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो आहोत. माझ्या हळहळीला मी धर्माचा आधार देऊ इच्छीत नाही.

मात्र दागिना गेला म्हणजे त्याची कथाही जातेच, असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. ते सोने कोठे गेले, कोण जाणे! पण महाराष्ट्रात ते मंगळसूत्र ठाऊक नाही, असे घर विरळाच. कारण ती हकीगत सांगणारे लोक होते. माझ्या आजीच्या बोरमाळेची हकीगत मी माझ्या मुलीला कधी सांगितलीच नव्हती. मोडण्यापूर्वी तिला दोन मणी नुसते दाखविले असते, तर कदाचित तिनेच मला अडविले असते.

आता दुसरा दागिना. माझ्या सासूबाईंचा कोल्हापुरी साज. चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख अशा आकृत्यांची एकवीस पाने. त्या गेल्यानंतर आम्हा दोघी जावांत त्याची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न आला. पाने निम्मी निम्मी वाटून घ्यावीत, असे एका वडीलधाऱ्या नातलगांनी सुचविले. एकवीस पानांचे निम्मे किती, हे त्यांनी सांगितले नाही! बोरमाळेचा अनुभव ताजा होता. मी साज मोडण्यास ठाम नकार दिला. तोडगा मात्र जाऊबाईंनी काढला. साज एक वर्ष त्यांच्या घरी, एक वर्ष आमच्या घरी, आणि अदलाबदल क्षमावाणीच्या दिवशी. वर्षभरात जावाजावांत जे काही उणेदुणे झाले असेल, त्याची क्षमा मागायची आणि डबी हाती द्यायची. पहिल्या वर्षी हे अवघड गेले. दोघींनाही.

डबीबरोबर एक वही असते. साज कोणी, कोणत्या प्रसंगी घातला, ते तीत लिहावयाचे. पहिल्या पानावर सासूबाईंकडून ऐकलेले लिहून ठेवले आहे. १९७२ च्या दुष्काळात हा साज गहाण पडला होता. मामंजींनी तीन वर्षांनी तो सोडवून आणला, तेव्हा एक पान तुटलेले होते. नवे बसविले, ते बाकीच्या पानांहून किंचित फिके दिसते. हे माहीत झाल्यापासून घरातील प्रत्येक सून साज हाती आला की आधी ते फिके पान शोधते.

गेल्या वर्षी माझी मुलगी माहेरी आली असता तिने ती वही वाचली. रात्री मला म्हणाली, "आई, माझ्या हारात काय आहे ते तू मला सांगितलेच नाहीस." मग मी सांगितले. मांडव, काळी पोत, दातांच्या खुणा, सोनारकाकांचा प्रश्न, सारे काही. तिने एका कागदावर ते उतरवून घेतले आणि हाराच्या डबीत घडी करून ठेवले.

साज यंदा जाऊबाईंकडे आहे. त्या येथे पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, आणि त्यांनी तो आज घातलाही आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना फिके पान पाहावयाचे असेल, त्यांनी त्यांच्याकडे अवश्य जावे.