मनाचे आरोग्य हाही आपला हक्क आहे
(बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्याच प्रतिज्ञा आपण अलीकडे घेतल्या आहेत. घरातील देव्हारा रिकामा झाला. परंतु घरची सून एकाएकी अबोल झाली, अथवा तरणाताठा मुलगा रात्ररात्र जागू लागला, की सोयरेधायरे म्हणू लागतात, "देव टाकलेत, म्हणून देव कोपला." भगताला बोलवा, अंगारा लावा, कोंबडे कापा, असा आग्रह सुरू होतो. धर्मांतराची खरी कसोटी या घडीला लागते.

मनाचा आजार हा कोप नाही. तो आजार आहे. भगवान बुद्धांनी रोग दोन प्रकारचे सांगितले: शरीराचे व चित्ताचे. पती, मुले व मातापिता गमावून भ्रमिष्ट झालेल्या पटाचारेला लोक हुसकावीत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले व प्रेमळ शब्दांनी शुद्धीवर आणले. पुढे ती संघातील थोर भिक्षुणी झाली. याच्या उलट वाट कोठे जाते तेही पाहा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना पळताही आले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क प्रत्येकास दिला आहे. त्यात जात वा धर्म पाहून भेद करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील माणसास सरकारी ठिकाणी उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत, मग त्याच्यापाशी पिवळे कार्ड असो वा नसो. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावयाचा आहे. कलम २९ ने प्रतिबंधाचे कार्यक्रम आखण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. कलम ९५ ने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणास बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास कलम ११५ तीव्र तणावाखालील माणूस मानते व त्याची काळजी घेण्यास सरकारला बांधून घेते. म्हणून अशा वेळी पोलिसांच्या भीतीने घरात लपवालपवी करू नका, दवाखाना गाठा.

परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालये खेड्यापासून दूर आहेत. आजार विकोपाला गेल्यावर तेथे धाव घेण्यापेक्षा तो गावातच ओळखला पाहिजे. हे शक्य आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालला. त्यात गावचेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्यासाठी मदत घेणारांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. गोव्यातही शिकवून तयार केलेल्या सामान्य माणसांनी आरोग्यकेंद्रांतून असेच काम केले आहे.

एकट्या गावाला हे झेपणार नाही. म्हणून माझी सूचना अशी, की जवळच्या दहा गावांच्या विहारांनी एकत्र यावे. प्रत्येक गावाने एक उपासिका व एक उपासक निवडावा आणि त्यांच्या प्रशिक्षणाची मागणी जिल्हा रुग्णालयाकडे लेखी करावी. दहा गावांत मिळून ३०० कुटुंबे असतील व प्रत्येकाने महिन्यास २० रुपये दिले, तर वर्षाला ७२,००० रुपये जमतात. हा पैसा रुग्णाच्या एस.टी. भाड्यासाठी, सोबत जाणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीसाठी व कार्यकर्त्यांच्या प्रवासासाठी वापरावा. डॉक्टर व औषधे यांवर तो खर्चू नये. ते सरकारचे देणे आहे. वर्गणीने ते फेडले, तर आपला हक्क आपणच बुडवू. ग्रामसभेत व जिल्हा नियोजन समितीकडे निधीचे ठराव पाठवा. निधी सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदवा, बँकेत दोन सह्यांचे खाते ठेवा, त्यांतील एक सही स्त्रीची असू द्या, आणि बुद्धपौर्णिमेस हिशेब सर्वांपुढे वाचा.

हा निधी केवळ बौद्धांचा समजू नका. शेजारच्या मातंग वा धनगर घरातील रुग्णासही त्यातून भाडे द्या. करुणेला वस्तीची हद्द नसते. बहिष्कार, बेकारी व कर्ज यांनीही माणसाचे मन मोडते. म्हणून रुग्णाचे रेशन, पेन्शन व मजुरी यांचे अर्ज लिहून देणे हेही याच कामाचे अंग माना.

तोवर एक क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहा: १४४१६. ही 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पुढच्या वेळी कोणी "भगताला बोलवा" म्हणेल, तेव्हा त्या भिंतीकडे बोट दाखवा.

नमो बुद्धाय! जय भीम!