बनी कोणाची? अरवलीचे अरण्य आणि सामायिक मालकीचा प्रश्न

(दिल्लीतील मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पक्षाच्या अनुवाद विभागातील एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही आणि वन्य प्राण्यांचा अभ्यासकही नाही. मी भाषांतराचे काम करणारा कार्यकर्ता आहे. म्हणून माझ्या विषयाची सुरुवात एका शब्दापासून करतो. हरियाणाच्या महसूल दप्तरात अरवलीच्या टेकड्यांची नोंद 'गैरमुमकिन पहाड' अशी आढळते. लागवड होणे शक्य नाही असा डोंगर, एवढाच त्याचा अर्थ. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत असताना माझ्या लक्षात आले की, दप्तराला जमीन ओळखता येते ती फक्त तिच्यातून निघणाऱ्या सारा-महसुलावरून. ज्या डोंगरात पाणी मुरते, जेथे बिबट्या आणि तरस राहतात, तो डोंगर या दप्तराच्या दृष्टीने 'जंगल' नाही. आणि कागदावर जे जंगल नाही, ते विकता येते.

राईचे रक्षण कोणी केले?

दिल्लीच्या दक्षिण सीमेपलीकडे, गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्यालगत मांगर नावाचे गाव आहे. त्याच्या दरीत 'मांगर बनी' हे सुमारे 677 एकरांचे अरण्य आहे. आपल्याकडील देवराईसारखीच ही राई. मांगर, बंधवाडी आणि बालियावास या गावांतील गुज्जर समाज गुदडिया बाबांच्या श्रद्धेने तिला जपत आला. बनीत कुऱ्हाड चालवायची नाही, हा तेथील अलिखित कायदा. भोवतालच्या टेकड्यांवर परदेशातून आणलेली वेडी बाभूळ माजली असताना, अरवलीचा मूळचा धौ वृक्ष येथे आजही दाटीने उभा आहे.

साथींनो, श्रद्धेचा प्रश्न आपण बाजूला ठेवू. भौतिक वस्तुस्थिती पाहू. या पहाडाच्या भेगाळ खडकातून पावसाचे पाणी खाली झिरपते आणि विहिरींना, कूपनलिकांना मिळते. असोला–भट्टी अभयारण्यापासून दक्षिणेकडील टेकड्यांपर्यंत वन्य प्राण्यांची ये-जा याच पट्ट्यातून होते. बाबांच्या नावाने गावाने जे जपले, ते वस्तुतः गावाचे पाणी, चारा आणि सावली होती. सामूहिक शिस्तीने धर्माचा वेष धारण केला होता, एवढेच.

सामायिक जमिनीचे तुकडे

मग संकट कोठून आले? ही जमीन पूर्वी 'शामलात देह', म्हणजे आपल्याकडील गायरानासारखी, गावाची सामायिक जमीन होती. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे खातेदारांच्या नावे हिस्से पाडले गेले. ज्याच्या नावे शेती अधिक, त्याचा डोंगरातील हिस्सा अधिक; जो भूमिहीन, त्याच्या वाट्याला काहीच नाही. हिस्सा पडताच त्याला बाजारभाव आला आणि दिल्लीचे भांडवल दारात येऊन उभे राहिले. ज्या गावाने एकेकाळी एकमताने झाड राखले, त्याच गावात आता दोन हितसंबंध निर्माण झाले.

2012 च्या सुमारास 'मांगर विकास आराखडा 2031' पुढे आला, तेव्हा या परिसरात बांधकामाला वाट मोकळी होण्याचा धोका उघड दिसू लागला. गावातील तरुण आणि शहरांतील पर्यावरणवादी कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. परिणामी 2016 मध्ये राज्य सरकारला बनी आणि तिच्याभोवतीचा 500 मीटरचा पट्टा बांधकामबंद क्षेत्र म्हणून मान्य करावा लागला. हा विजय लहान नव्हता. पण तो अखेरचाही नव्हता. फेब्रुवारी 2019 मध्ये हरियाणा विधानसभेने 1900 सालच्या पंजाब भूसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून अरवलीच्या हजारो एकरांवरील संरक्षण सैल करण्याचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने लगेच, 1 मार्च रोजी, त्याला अटकाव केला. पुढे 20 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच न्यायालयाने भोवतालच्या भूपृष्ठापासून 100 मीटर वा अधिक उंच तीच अरवली टेकडी, ही व्याख्या स्वीकारली. राजस्थान व हरियाणात लोक रस्त्यावर आले. 29 डिसेंबर रोजी न्यायालयाने तो निर्णय स्थगित ठेवला. व्याख्या हे वर्गसंघर्षाचे हत्यार असते, हे यावरून ध्यानात घेतले पाहिजे.

अतिक्रमक कोण?

आता विषयाची दुसरी, अधिक कटू बाजू. याच टेकड्यांत, फरिदाबादच्या हद्दीत, खोरी ही वस्ती होती. दगडाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांनी ती वसवली. त्यांनी फोडलेल्या दगडांवर राजधानीच्या इमारती आणि रस्ते उभे राहिले. 2002 मध्ये न्यायालयाने खाणकामावर बंदी घातली. बंदी योग्यच होती, पण खाणमालक नफा घेऊन निघून गेले आणि मजूर तेथेच राहिले. 7 जून 2021 रोजी, कोरोनाच्या काळात, वनभूमी मोकळी करण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत देण्यात आली आणि भर पावसाळ्यात हजारो घरे पाडली गेली. वनभूमीवरील सर्वच बांधकामांना हा नियम लागू आहे, असे न्यायालयाने म्हटले खरे. परंतु फार्महाऊस आणि मेजवानीगृहांना नोटिसा, हरकती आणि सुनावण्या यांत वर्षे मिळाली. मजुराच्या झोपडीला मिळाले सहा आठवडे.

अरण्य वाचवण्याच्या नावाखाली श्रमिकाला हाकलणाऱ्या धोरणाचे आपण समर्थन करू शकत नाही. परंतु 'गरिबांना घरे हवीत, म्हणून डोंगर गेला तरी चालेल', असेही आपल्याला म्हणता येणार नाही. त्याच डोंगराच्या कचऱ्याचे आणि आटलेल्या विहिरीचे पहिले बळी गरीबच असतात. बंधवाडीला दोन शहरांच्या कचऱ्याचा जो पर्वत उभा राहिला, त्याचे विषारी पाणी कोणाच्या जमिनीत झिरपते, हे तेथील गावकऱ्यांना विचारावे.

तसेच 'गावकरी म्हणजे आपोआप वनरक्षक', हा भाबडेपणाही टाळला पाहिजे. नोव्हेंबर 2016 मध्ये सोहन्याजवळच्या मंडावर गावात शिरलेल्या बिबट्याने काही माणसांना जखमी केले आणि जमावाने त्याला लाठ्याकाठ्यांनी ठार मारले. ज्या गावाला जंगलात अधिकार नाही, निर्णयात स्थान नाही आणि संकटसमयी वेळेवर मदत नाही, त्या गावाने बिबट्याला आपला शेजारी का मानावे? अधिकाराशिवाय जबाबदारी निर्माण होत नाही.

आपले कार्य

1842 मध्ये तरुण मार्क्सने ऱ्हाइन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर लेख लिहिले. खाली पडलेली काटकी वेचणाऱ्या गरिबाला चोर ठरवणारा तो कायदा होता. जंगलाच्या प्रश्नातूनच खासगी मालकीच्या प्रश्नाकडे त्याचे लक्ष वेधले गेले, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तर अंशतः सापडते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेने झगडून घेतला आणि जंगल राखण्याचे नियमही तिनेच केले. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांची मुख्य मागणीही वनहक्काचीच होती. हरियाणात मात्र या कायद्याचा उपयोग करणे कठीण आहे. अनुसूचित जमातींबाहेरील समाजाला तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य आणि जंगलावरील अवलंबन सिद्ध करावे लागते.

म्हणून तीन गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. सामायिक जमिनीची विक्री थांबवून तिचे नियंत्रण ग्रामसभेकडे आणि त्या ग्रामसभेत भूमिहीनाला समान मत. अरवलीच्या सर्व नैसर्गिक टेकड्यांना, उंची कितीही असो, कायद्याचे कवच. आणि वनभूमीवरून हटवल्या जाणाऱ्या प्रत्येक श्रमिकाला घर हाती आल्याशिवाय बुलडोझर नाही.

यांतील पहिल्या दोन मागण्या पर्यावरणवादी मंडळी मांडतात, तिसरी आपण मांडतो. जोपर्यंत या तिन्ही एकाच मोर्चाच्या फलकावर येत नाहीत, तोपर्यंत बिल्डर दोघांनाही वेगवेगळे गाठून पराभूत करील. मांगरच्या बनीत गेलात तर ती शांतता अवश्य अनुभवा. पण परतताना खोरीची उजाड जागाही पाहून या. दोन्ही ठिकाणे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे आकलन पुरे होत नाही.