लाट, प्रवाह आणि मधले शांत पाणी



मराठी कवितेत समुद्राला जागा आहे, आणि त्या जागेत मान लाटेचा. प्रवाहाच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. कारण उघड आहे : लाट दिसते, प्रवाह दिसत नाही. काव्यापुरते हे ठीक. पण किनाऱ्यावर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला दोहोंतला भेद ठाऊक नसेल, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

लाट धावत येते तेव्हा पाणीच धावत येत आहे असा भास होतो. वास्तविक तसे नसते. भाताच्या खाचरावरून वारा गेला की लोंब्या ओळीने लवतात आणि पुन्हा उभ्या राहतात; शेत काही बांध ओलांडून जात नाही. खोल समुद्रात पाण्याचा कणही असाच जवळजवळ वर्तुळात फिरून आपल्या ठिकाणी परततो. ही हालचाल खाली जावे तशी मंदावते आणि दोन लाटांच्या माथ्यांमधील अंतराच्या निम्म्या खोलीवर जवळपास संपते. पुढे सरकते ती वाऱ्याने दिलेली शक्ती.

ही शक्ती किती दूर जाते, हे वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी नोंदी ठेवून त्याने दक्षिण गोलार्धातील वादळांत उठलेल्या लाटांचा माग पॅसिफिक महासागर ओलांडून थेट उत्तरेपर्यंत काढला. हिंदी महासागरातही हेच घडते. दक्षिणेकडच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्याला लागतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि समुद्र मात्र घरांत शिरतो! तेथील कोळ्यांनी त्याला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, असे नाव दिले. २०१२ साली युनेस्कोने शास्त्रीय वापरासाठी तेच नाव स्वीकारले. समुद्राशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे त्यांचा शब्द शास्त्रालाही घ्यावा लागला, ही भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी गोष्ट होय.

प्रवाहाची जात वेगळी. तो पाणी खरोखरीच वाहून नेतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात दिशा बदलून उत्तरेकडे. नवल असे की, हिवाळ्यातील हा प्रवाह तेथल्या वाऱ्याच्या उलट जातो. त्याचा उगम स्थानिक वाऱ्यात शोधून भागत नाही. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेली चेतना किनाऱ्याकिनाऱ्याने, श्रीलंकेला वळसा घालून येथवर पोहोचते.

परंतु स्नानासाठी आलेल्या माणसाची गाठ पडते ती याहून फार लहान प्रवाहाशी. लाट उथळ पाण्यात आली की तिचा तळ अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. फुटल्यानंतर मात्र पाणी खरोखर पुढे येते व किनाऱ्याशी साचते. त्याला परतीची वाट हवी असते. वाळूच्या बुडालेल्या दांड्यांमध्ये जेथे खाच असेल, तेथून ते एकवटून बाहेर पडते. ही खाच खोल असल्यामुळे तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस उसळत असतो आणि मधला पट्टा संथ दिसतो. परगावाहून आलेले कुटुंब लाटांना भिऊन नेमके तेथेच मुलांना उतरवते.

हा प्रवाह माणसाला तळाशी ओढतो, हा समज खरा नाही. तो त्याला किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि जोरात असला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या तोंडावर पोहून परतता येत नाही. माणूस बुडतो तो बहुधा या झुंजीत दमून. म्हणून जाणकार सांगतात, की किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. अंग पाण्यावर तरंगते ठेवावे, हात वर करून मदत मागावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे. पट्टा सहसा अरुंद असतो, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे त्याचा जोर ओसरतो. काठावरच्यांनी मागोमाग उडी टाकू नये. जीवरक्षकाला हाक मारावी, तरंगणारी एखादी वस्तू फेकावी. वाचवायला गेलेलाही बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लाल निशाण लावलेले असेल, तर समोरचे पाणी कितीही निवांत दिसो, पाय कोरडेच ठेवावेत.