कानातला बोळा नीट बसलाय का?

इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात शेजारच्या माणसाशीही खाणाखुणांनी बोलावं लागतं. आपल्याकडच्या नियमांनुसार 8 तासांच्या पाळीत सरासरी 90 डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानावर पडू नये. मागांचा खडखडाट ही रेघ सहज ओलांडतो.

कामगार कानात कापूस कोंबतात. त्यानं आवाज फारसा अडत नाही. फोमचा इअरप्लग हवा, तोही नीट बसवलेला. स्वच्छ बोटांनी वळून तो बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. निम्मा बाहेर डोकावणारा प्लग म्हणजे नुसता दागिना!

प्लग किती आवाज अडवतो याचा पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो; प्रत्येकाच्या कानात तेवढंच संरक्षण मिळेल असं नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या नायॉश संस्थेनं 2025 मध्ये प्रत्येक कामगाराच्या फिट-टेस्टची शिफारस केली. या चाचणीच्या एका पद्धतीत प्लगशिवाय आणि प्लग घालून ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज मोजतात; दोन्हींतला फरक हेच त्या माणसाचं खरं संरक्षण.

आणखी एक हिशेब. 30 डेसिबल अडवणारा प्लग पाळीत अर्धाच तास काढला, तरी दिवसाचं संरक्षण जेमतेम 12 डेसिबलवर येतं. चहासाठी काढायचाच, तर आधी मागांपासून लांब जावं.